पांढऱ्या अंगावरची तांबडी रेघ

मी एक टब आहे. न्हाणीघरात बादलीशेजारी असतो तो छोटा टब नव्हे. चार माणसं गळ्यापर्यंत बसतील एवढा मोठा, आत बसायला पायरी असलेला, गरम पाण्याचा टब. चाकूरच्या बाजारपेठेत बसलिंगप्पांचं किराणा दुकान आहे, त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मी असतो. माझं अंग पांढरं आहे, पण पाणी जिथवर चढतं तिथे चारी बाजूंनी एक तांबडी रेघ फिरली आहे. नवीन बाई खोलीत आली की आधी त्या रेघेकडे बघते. विचारत मात्र कुणी नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. काचेच्या धाग्यांचं कापड आणि चिकट रसायन यांचे थर साच्यावर चढवून मला घडवलं. साच्यातून बाहेर काढल्यावर पहिल्यांदा माझ्यात पाणी भरलं, तेव्हा तिथला कारागीर गिऱ्हाइकाला सांगत होता, "माणूस पाण्यात बसला की त्याचं ओझं पाणी उचलतं. दुखऱ्या सांध्याला तेवढाच विसावा." ते वाक्य मी मनात धरून ठेवलं. ट्रकवर दोरखंडाने बांधून मला मराठवाड्याकडे आणलं, तेव्हा मला खरोखर वाटत होतं की वाटेवरच्या प्रत्येक गावातली दुखणी माझीच वाट बघत आहेत.

वाट कुणी बघत नव्हतं. नांदेड रस्त्यावर अमृतरावांचं मंगल कार्यालय होतं. नवरा-नवरीच्या खोलीत ठेवण्यासाठी त्यांनी मला आणलं आणि नळ न जोडताच ठेवून दिलं.

"पुण्यातबी असला न्हाई," ते पाहुण्यांना दाखवत.

"चालू करून दाखवा की मग."

"मुहूर्त बघायलोय."

तो मुहूर्त काही आला नाही. लग्नसराईत मला अंगणात काढत, बर्फ भरत आणि त्यात थंड पेयांच्या बाटल्या खोचत. ऊब द्यायला जन्मलेल्या माझ्या वाट्याला अशी सगळी थंडी आली. पुढे कार्यालयाला गिऱ्हाईक कमी झालं आणि मी गच्चीवर गेलो. माझ्या पायरीवर पारव्यांनी घरटं केलं.

तिथे मला अक्षराने पाहिलं. बसलिंगप्पांच्या धाकट्या भावाची ही मुलगी. वडील नोकरीमुळे गावोगाव फिरले, म्हणून तिची शाळा दूर डोंगरातल्या वसतिगृहात झाली आणि पुढचं शिक्षण समुद्राकाठच्या एका शहरात. मोडलेल्या, आखडलेल्या अंगाला व्यायामाने आणि शेकाने परत हलतं कसं करायचं, हे ती शिकली होती. शिकली आणि चाकूरला परत आली.

"एवढं शिकून इथं?" बसलिंगप्पांनी तिला विचारलं होतं म्हणे.

"इथंच जास्त गुडघे आहेत, काका."

बसलिंगप्पा यावर हसले आणि गोदामाची खोली मोकळी करून दिली.

ती खोटं बोलत नव्हती. सोयाबीन काढताना बाया दिवसभर वाकलेल्या असतात. चाळिशीतच त्यांचे गुडघे बोलू लागतात. दवाखान्यात त्यांना तेल लावायला सांगतात आणि वय झालं म्हणून परत पाठवतात. "वय झालं" हे शब्द ऐकले की अक्षराचे कान लाल होत. वय होणं हा काय आजार आहे का, ती विचारायची. मला गच्चीवरून खाली उतरवताना तिने स्वतः खांदा दिला. माझ्यातली पारव्यांची विष्ठा तिने स्वतः खरवडली. तिला पाहून मला कारखान्यातला मी आठवलो.

छतावर सौर बंब बसला, मागच्या बोअरचं पाणी आलं आणि मी पहिल्यांदा नीट तापलो. पण आत उतरायला कुणी तयार होईना. बाया दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावत. शेवटी शेतात राबणारी चतुराबाई पुढे झाली. तिची कंबर धरलेली होती. अंगावर गाऊन चढवून ती कठड्यावरून आत आली आणि मानेपर्यंत बुडाली.

"काय गं, कसं वाटायलंय?" दारातून एकीने विचारलं.

"म्हशी उगंच न्हाई डबक्यात बसत," चतुराबाई डोळे मिटून म्हणाली. "जे म्हशीला कळलं ते आपल्याला इतकी वर्षं कळलं न्हाई."

त्या दिवसापासून बाया येऊ लागल्या.

गौरम्मा आल्या त्या चैत्रात. बाजारपेठेतल्या मागच्या गल्लीतल्या. हिवाळ्यात ओल्या फरशीवर पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय काठीसारखा सरळ राहिला होता. सून शिवकांता हात धरून घेऊन आली.

"अव्वा, तुम्हाला काय करता आलं पाहिजे?" अक्षराने विचारलं. ती सगळ्यांनाच हे विचारायची. कुणी सांगे बस चढायची, कुणी सांगे शेतात जायचं.

गौरम्मा म्हणाल्या, "मांडी घालून बसता आलं पायजे. बाकी काय नको."

त्यांच्या गळ्यात पांढऱ्या कापडात बांधलेलं इष्टलिंग होतं. लग्नाआधीपासून त्या रोज आंघोळ झाली की चटईवर मांडी घालून बसत, लिंग डाव्या तळहातावर घेत आणि पूजा करत. पडल्यापासून ती पूजा खाटेवर, उशीला टेकून, पाय पसरून चालली होती. देवासमोर पाय पसरून बसायचं त्यांना सोसत नव्हतं. जेवण जात नव्हतं त्यांना, शिवकांता म्हणाली.

"श्रावणात चटईवर बसाल," अक्षरा म्हणाली. "पण अव्वा, हाड जुळल्यावर काही महिनेच गुडघा ऐकतो. नंतर हट्ट धरून बसतो. एकही दिवस चुकवायचा नाही."

पाण्यात उतरताना अक्षरा म्हणाली, "गळ्यातलं काढून ठेवा, भिजेल."

गौरम्मा हसल्या. "जीव हाय तवर हे निघत न्हाई, बाळा. आंघोळीतबी संगंच."

अक्षरा ओशाळली. वसतिगृहात राहून घरच्या काही गोष्टी तिच्या हातून निसटल्या होत्या. तिचं स्वतःचं इष्टलिंग आईच्या कपाटात होतं.

गौरम्मा उतरल्या. अक्षराने त्यांच्या गुडघ्याखाली हात धरला आणि माझ्या पाण्याने त्यांचं ओझं उचललं. कारखान्यातलं ते वाक्य खरं होतं. जमिनीवर जो पाय तसूभर वाकत नव्हता तो पाण्यात रोज थोडा थोडा वाकू लागला. आंघोळ झाली की गौरम्मा पडद्याआड, माझ्या कठड्याला टेकून, लिंगाचं ओलं कापड सोडत आणि कोरडं पांढरं कापड बांधत. अर्धा चैत्र संपला तेव्हा माझ्या पायरीवर बसून त्यांनी पाय आत ओढून घेतला होता. चतुराबाई समोरून म्हणाली, "आज्जी, आता दोरीवरून उड्या मारायला येता का?"

"तुझ्या कंबरंला बांधून मारते की," गौरम्मा म्हणाल्या. मला वाटतं, त्या पडल्यापासून पहिल्यांदाच कुणाची थट्टा करत होत्या.

मग वैशाख आला. तोवर अक्षरा मला रोज रिकामं करायची आणि ते पाणी मागच्या कडुलिंबाला जायचं. पण बोअरचं पाणी खोल गेलं. मोटार गुळण्या टाकल्यासारखी चालू लागली. गल्लीत घागरी रांगेला लागल्या असताना माझ्यासाठी रोज नवं पाणी उपसणं अक्षराला बरं वाटेना. तिने ठरवलं की तेच पाणी दोन-तीन दिवस वापरायचं. आणि इतक्या बाया एका पाण्यात बसतात म्हणून, शिकल्याप्रमाणे, संध्याकाळी तिने त्यात ब्लीचिंग पावडर टाकली.

तिचं काही चुकलं नव्हतं. पण आमच्या बोअरच्या पाण्यात लोह होतं आणि तळातल्या पाण्यात ते जास्तच होतं. पाण्यात विरघळलेलं लोखंड डोळ्यांना दिसत नाही. त्याला ब्लीचिंग पावडर भेटली की त्याचा गंज होतो आणि तो पाणीभर पसरतो. सकाळी अक्षराने झाकण काढलं तेव्हा मी तांबड्या-पिवळ्या पाण्याने भरलेला होतो.

"चहा केलाव का आज?" चतुराबाईने वाकून बघितलं. "साखर टाकायची ऱ्हायली वाटतं."

"लोह आहे, चतुराबाई. अंगाला काही होत नाही."

"लोखंड तर लोखंड. माझ्या रक्तात ते कमीच हाय म्हणतोय डॉक्टर. बसून घेते." आणि ती उतरली.

गौरम्मा कठड्यापाशी थांबल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग अक्षराकडे पाहिलं. अक्षरा हात पुढे करून उभी होती. काल पाय कुठवर वाकला होता आणि आज कुठवर वाकवायचा हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. गौरम्मा तिचा हात धरून उतरल्या.

बाहेर आल्यावर त्या नेहमीसारख्या पडद्याआड गेल्या. पडद्याच्या आत त्या होत्या आणि मी होतो. त्यांनी लिंगाचं कापड सोडलं आणि ते खिडकीच्या उजेडात धरलं. पांढऱ्या कापडावर गंजाचा डाग होता, आत लिंग जिथे असतं तिथवर पोचलेला. त्यांनी ते कापड दोन्ही तळहातांत दाबून धरलं. मग घडी करून कनवटीला खोचलं आणि दुसरं कापड बांधलं.

"बरं वाटलं ना, अव्वा?" पडद्याबाहेरून अक्षराने विचारलं.

"लई बरं वाटलं, बाळा."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. अक्षराने फोन केला तर शिवकांता म्हणाली, घरी पाव्हणे आलेत. पुढच्या फोनला म्हणाली, आत्याबाई उदगीरला लेकीकडं गेल्यात. त्यानंतर म्हणाली, उन्हाचं बाहेर निघवत न्हाई, पाऊस झाला की बघू. अक्षराने प्रत्येक वेळी खरं मानलं. जिथे ती शिकली तिथे माणूस नको म्हणाला की आग्रह करू नये असा रिवाज होता. पण इथे नको असं कुणी म्हणालंच नव्हतं. इथे तोंडावर नको म्हणत नाहीत, पाव्हणे आलेत म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळतं. मला कळलं होतं, पण मला तोंड कुठे आहे?

इतर बायाही एकेक करून गळाल्या. त्यांचं कारण साधं होतं, तांबडं पाणी. बसलिंगप्पांनाही दुकानात टोमणे ऐकावे लागले. "काय अप्पा, मागं गंज विकायलाव म्हणं?" ते हसण्यावारी नेत, पण संध्याकाळी अक्षराला म्हणत, "तेवढं पाण्याचं बघ गं."

ती पाण्याच्या मागे लागली. माझं सगळं पाणी उपसलं, नमुना लातूरला तपासायला दिला आणि लोहाची खात्री करून घेतली. आधी तिने तुरटी फिरवून बघितली, थेट माझ्यातच. रात्रभरात सगळा गंज तळाशी बसला आणि पाणी नितळ दिसू लागलं. अक्षराला केवढा आनंद झाला. मग चतुराबाई आत उतरली आणि तिच्या पायासरशी तळचा सगळा गाळ वर उठला.

"तळ्यात भोवरा उठल्यावानी झालं," ती म्हणाली. "मला मगर दिसंल आता."

मग अक्षराला पटलं की लोखंड माझ्यात येण्याआधीच अडवलं पाहिजे. पाऊस लागला, बोअरला पाणी वाढलं, तरी लोह होतंच. तिने छतावर पिंपं मांडली. बोअरचं पाणी उंचावरून, भोकं पाडलेल्या पत्र्यातून, पहिल्या पिंपात धारांनी पडायचं, म्हणजे त्याला हवा लागायची. त्यातच चिमूटभर ब्लीचिंग आणि तुरटी. गंज काय व्हायचा तो तिथेच होऊन तळाला बसायचा. वरचं पाणी वाळूच्या पिंपातून उतरून मग माझ्याकडे यायचं. कधी धार कमी पडे, कधी वाळू तुंबे. श्रावण असाच गेला. बेलाची पानं घेऊन बाया दुकानावरून जात-येत होत्या आणि अक्षरा वर वाळू धूत होती.

एवढं करूनही बारीक गंजाची झाक राहायची. माझं पाणी फिरवणारा छोटा पंप माझ्यातून पाणी ओढतो त्या तोंडाशी कापूस ठेवायचा, असं तिने ठरवलं. चतुराबाई कापूस घेऊन आली.

"नवऱ्याच्या उशीतला काढला," ती म्हणाली. "त्यला झोप काय, धोंड्यावरबी लागतीय."

जाळीच्या पिशवीत भरून तो कापूस तोंडाशी बसवला. पाणी फिरू लागलं. सकाळी मी असा नितळ होतो की माझ्या तळाला काही लिहिलं असतं तर वाचता आलं असतं. तेवढ्यात शिवकांता दुकानात तेल घ्यायला आलेली अक्षराला दिसली.

"काकू, या ना, पाणी बघून जा." तिने तिला हाताला धरूनच आणलं. पाणी दाखवलं आणि मग जाळीतला कापूस काढून समोर धरला. "बघा, सगळं लोखंड इथे अडकलं."

कापूस गंजाने माखला होता. शिवकांता त्याच्याकडे बघत राहिली.

"आत्याबाईचं कापड असंच झालं हुतं," ती म्हणाली.

"कुठलं कापड?"

"लिंगाचं."

अक्षराच्या हातातला कापूस खाली आला. पाणी टपटप तिच्या पावलांवर पडत होतं.

"म्हणून आल्या नाहीत? मग मला सांगितलं का नाही, काकू?"

"कसं सांगावं? तू आपल्याच लोकांतली, वाईट वाटलं असतं तुला. मी म्हणलं हुतं, पोरीच्या कानावर घालावं. आत्याबाई म्हणल्या, नवं काम हाय तिचं, नाव ठेवू नका. तिला कळू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी अक्षरा गौरम्मांच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण दसऱ्यानंतर गौरम्मा परत आल्या, काठी टेकत, एक पाय ओढत.

त्या उतरल्या. अक्षराने गुडघ्याखाली हात घातला. मी सगळी ऊब लावली. पाय थोडा वाकला आणि थांबला. चैत्रात तो जिथवर आला होता तिथवरही नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच, आणि पुढेही तिथेच. अक्षराने दिवाळी पाहिली नाही, सण पाहिला नाही. तिच्या कपाळावर घाम यायचा आणि गौरम्मांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण त्या "थांब" म्हणायच्या नाहीत. गुडघ्याने आपला हट्ट धरला होता.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी गौरम्माच म्हणाल्या, "बाळा, सोड आता. माझ्या गुडघ्यापरीस तूच हट्टी हाईस."

अक्षराने हात काढला नाही. "अव्वा, त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर मी दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी वेगळं पाणी आणलं असतं. घागरीने आणलं असतं. आज तुम्ही चटईवर असता."

गौरम्मांनी पाण्यातला तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "शिकून आलेली लई पोरं बघितली मी. येतात, काही सुरू करतात, कुणी नाव ठेवलं की उठून जातात. मला वाटलं, तूबी जाशील. गुडघा गेला तर गेला, म्हणलं, पोरगी राहू दे."

"मी गेले नसते."

"ते मला काय ठाऊक, बाळा?"

अक्षरा माझ्या कठड्यावर डोकं टेकून रडली. गौरम्मा ओल्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. चतुराबाई त्या दिवशी एकही थट्टा न करता बाहेर निघून गेली.

आता मी रोज भरतो. खोली बायांनी गजबजलेली असते, चतुराबाई ताठ कंबरेने नव्या बायांना म्हशीची गोष्ट सांगते. माझ्या अंगावरची रेघ तिने एकदा लिंबू घेऊन घासायला घेतली होती. अक्षरा म्हणाली, "राहू द्या ती." म्हणून ती आहे.

माझं मागणं फार नाही. दूरवरून शिकून कुणी तुमच्या गावात आलं आणि त्याचं पाणी तुम्हाला डागाळलं, तर त्याला तोंडावर सांगा. दोन शब्दांनी तो मोडणार नाही, आणि मोडलाच तर ते तुमच्या गुडघ्याइतकं महाग पडणार नाही. आणि जो आला आहे त्याने "लई बरं वाटलं" ऐकून थांबू नये. घरापर्यंत जावं.

गौरम्मा अजून येतात. पाय वाकावा म्हणून नाही, ऊब बरी वाटते म्हणून. आंघोळ झाली की पडद्याआड त्या लिंगाचं ओलं कापड उजेडात धरतात. ते पांढरंच असतं. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात. अक्षरा वाळूच्या पिंपातलं पाणी तांब्यात भरून आणते. डाव्या तळहातावर लिंग घेण्याआधी गौरम्मा समोर ताठ राहिलेल्या पायाकडे बघतात, टॉवेल उचलतात आणि देवाला दिसू नये म्हणून आपलं पाऊल झाकून घेतात.